मुंबईत नोकरी शोधायचीय? सोशल मीडिया असा वापरा

अंधेरीतल्या एका लहानशा कन्सल्टन्सीत बसून कंपन्यांसाठी माणसं शोधणं, हा माझा रोजचा उद्योग. अकाउंट्स, बँकांची बॅक ऑफिसं, लॉजिस्टिक्स, कस्टमर केअर अशा जागा आम्ही भरतो. एखादी जागा लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी-धंद्याच्या सोशल मीडियावर, टाकली की संध्याकाळपर्यंत अर्जांचा ढीग लागतो आणि तो तळापर्यंत उपसायला कुणालाच फुरसत नसते. तेवढ्यात कंपनीतलं कुणीतरी 'हा मुलगा आमच्या कॉलेजचा आहे, जरा बघा' म्हणून एक बायोडेटा पाठवतं आणि तो आधी उघडला जातो. हे बरोबर की चूक यावर भांडता येईल, पण चालतं असंच. त्यामुळे रोज पन्नास ठिकाणी 'अप्लाय' दाबण्यापेक्षा ज्या कंपनीत जायचंय तिथला एखादा माणूस गाठण्यासाठी सोशल मीडिया वापरा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

तो माणूस जिवलग मित्र असायची गरज नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच दाखवून दिलं होतं की नोकरीची खबर बऱ्याचदा अधूनमधून भेटणाऱ्या, जुजबी ओळखीच्या माणसाकडून येते. 2022 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर केलेल्या प्रयोगांचा अभ्यास आला, त्याचाही कल तोच होता. कारण साधं आहे. रोज ज्याच्यासोबत चहा पिता, त्याला माहीत असलेल्या जागा तुम्हालाही माहीत असतात. जुन्या ऑफिसातला, चार वर्षांत न बोललेला सहकारी वेगळ्याच जगात वावरत असतो.

1. आहे ती नोकरी आधी सांभाळा

सध्या नोकरी करत असाल तर सुरुवात सेटिंगपासून. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क', म्हणजे 'नोकरी शोधतोय' ही खूण, चालू करताना दोन पर्याय येतात. एकात फोटोभोवती हिरवी पट्टी लागते आणि सगळ्यांना दिसते. दुसऱ्यात ती माहिती फक्त रिक्रूटर, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्या मंडळींना दिसते. दुसरा निवडा. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ती लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण हमी देत नाही. आणि आमच्यासारख्या बाहेरच्या कन्सल्टन्सीवाल्यांची तुमच्या एचआरशी रोज उठबस असू शकते, हेही लक्षात ठेवा. ज्यांच्याकडे नोकरीच नाही त्यांनी हिरवी पट्टी बिनधास्त लावावी. त्याने किंमत कमी होते असं म्हणणारे भेटतील, मी त्यांच्या मताचा नाही.

प्रोफाइलमध्ये बदल करण्यापूर्वी 'नेटवर्कला कळवा' हे बटण बंद करा. नाहीतर एका रात्रीत सहा गोष्टी बदलल्याचं सकाळी साहेबांना दिसतं आणि साहेबही मुंबईतच राहतात, त्यांना अर्थ कळतो. नोकरी डॉट कॉम या नोकऱ्यांच्या साइटवर ठरावीक कंपन्यांपासून आपलं प्रोफाइल लपवायची सोय आहे, तिथे आपल्या कंपनीचं नाव घालून ठेवा.

मग स्वतःचं नाव गूगलवर टाकून बघा. फेसबुकवर 'जुन्या पोस्ट मर्यादित करा' अशी एक सेटिंग आहे, तिने आजवरच्या सगळ्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. राजकीय मतं असणं गुन्हा नाही. पण जुन्या कंपनीला आणि बॉसला शिव्या घातलेली पोस्ट मात्र मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यातून जात नाही.

2. प्रोफाइल: आम्ही काय टाइप करतो ते ओळखा

लिंक्डइन ॲप मराठीत वापरता येतं, जरूर वापरा. प्रोफाइलचा मजकूर मात्र इंग्रजीत ठेवा, कारण शोधणारा इंग्रजीतच टाइप करतो. आम्ही पद, कौशल्यं, अनुभवाची वर्षं आणि ठिकाण घालतो आणि जी यादी येते तीच बघतो. तुमच्या प्रोफाइलवर ते शब्द नसतील तर तुम्ही कितीही हुशार असलात तरी त्या यादीत नसता.

नावाखालची ओळ, म्हणजे हेडलाइन, सर्वांत मोलाची. तिथे 220 अक्षरं मावतात आणि निम्मी मंडळी तिथे 'सीकिंग न्यू अपॉर्च्युनिटीज' लिहून मोकळी होतात. हे शब्द टाइप करून कोणीही माणूस शोधत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह | जीएसटी रिटर्न, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन | टॅली प्राइम, ॲडव्हान्स्ड एक्सेल | 3 वर्षं | मुंबई'. यातला प्रत्येक शब्द कुणी ना कुणी रोज शोधत असतं. फ्रेशर असाल तर अनुभवाच्या जागी प्रोजेक्ट, इंटर्नशिप किंवा आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) लिहा.

ठिकाणाकडे खूप जण दुर्लक्ष करतात. प्रोफाइलवर 'सातारा' किंवा 'रत्नागिरी' असेल आणि शोधणाऱ्याने मुंबईची चाळणी लावली असेल तर तुम्ही गळता. मुंबईत यायची तयारी असेल तर 'ओपन टू वर्क'मध्ये मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अशी तिन्ही ठिकाणं वेगवेगळी घाला. ऐरोली-महापेच्या जागा नवी मुंबईच्या नावाने पडतात, वागळे इस्टेटच्या ठाण्याच्या नावाने. डोंबिवली, कल्याण, वसई-विरारच्या लोकांनी स्वतःचं ठिकाण 'मुंबई मेट्रोपॉलिटन रीजन' असं ठेवलेलं बरं.

फोटो साधा, चेहरा दिसणारा. लग्नातल्या फोटोतून बाजूच्या काकूंना कापून काढलेला नको, त्यांचा खांदा राहतोच.

व्हॉट्सॲपही याच खात्यात धरा. मुंबईत एचआरचा पहिला निरोप हल्ली बऱ्याचदा तिथेच येतो. डीपीला गणपती असला म्हणून कुणी नोकरी नाकारत नाही, पण नावाच्या जागी 'सायलेंट किलर' असेल तर आम्ही आपसात हसतो. बायोडेटा पीडीएफमध्येच पाठवा आणि फाइलला नाव, पद आणि अनुभव असं नाव द्या. 'फायनल न्यू 2' नावाची फाइल माझ्या डाउनलोडमध्ये पडली की परत सापडत नाही.

3. माणसं गाठा

लिंक्डइनवर तुमच्या कॉलेजचं पान उघडा. रुपारेल, डहाणूकर, पोदार, वझे-केळकर, जोशी-बेडेकर, बिर्ला, कुठलंही असो. त्या पानावर 'ॲलम्नाय' नावाचा टॅब असतो. तिथे माजी विद्यार्थी कुठे राहतात, कुठल्या कंपनीत आहेत, काय काम करतात, हे निवडून बघता येतं. मुंबई, तुमचं क्षेत्र आणि हव्या असलेल्या दोन-तीन कंपन्या निवडल्या की हजारोंमधून मोजकी नावं उरतात. अगदी नव्यांना एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हा टॅब दाखवतो.

कॉलेजनंतर जुने सहकारी. त्यानंतर तुमच्या सध्याच्या कामामुळे ओळखीचे झालेले बाहेरचे लोक, म्हणजे व्हेंडर, ऑडिटला येणारी मुलं, क्लायंटच्या ऑफिसातले. तुमचं काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यांच्या शब्दाला सर्वाधिक वजन असतं.

आता निरोप. 'हाय सर, एनी व्हेकन्सी?' याला उत्तर येत नाही, कारण उत्तर द्यायचं तर समोरच्याला तुमच्यासाठी जागा शोधायला बसावं लागेल. त्यापेक्षा हे बघा:

'नमस्कार मॅडम. मी डहाणूकरची, 2021 ची बी.कॉम. सध्या भांडुपला एका वितरकाकडे जीएसटी आणि टीडीएस बघते. तुमच्या कंपनीत अकाउंट्स पेएबलची जागा निघाल्याचं दिसलं. अर्ज करण्याआधी एक विचारायचं होतं. तिथे एसएपी यायलाच हवं का, की टॅलीवर काम केलेल्यांनाही घेतात? दोन शब्द कळवलेत तरी चालेल.'

यात नोकरी मागितलेली नाही. एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न आहे आणि बायोडेटा जोडलेला नाही. उत्तर आलं की आभार माना, अर्ज करा आणि दुसऱ्या दिवशी 'अर्ज केलाय, तुम्हाला योग्य वाटलं तर रेफर कराल का?', म्हणजे कंपनीत माझं नाव सुचवाल का, असं सरळ विचारा. या दुसऱ्या निरोपाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदा आठवण करावी. त्यानंतर गप्प बसावं.

लिंक्डइनच्या मोफत खात्याला महिन्याला मोजक्याच कनेक्शनच्या विनंत्यांना चिठ्ठी जोडता येते, म्हणून ओळखीच्या कॉलेजवाल्यांना साधी विनंती पाठवा आणि त्यांनी स्वीकारली की मग निरोप लिहा. मराठी माणसाला मराठीत लिहिलेला निरोप इनबॉक्सच्या गर्दीत उठून दिसतो. नुसत्या आडनावावरून मात्र ठरवू नका, आडनाव देशपांडे आणि वाढ इंदूरची असंही असतं. त्यांचं प्रोफाइल आधी वाचा. आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून असे निरोप लिहायचे टाळा, नाव चुकीचं जातं.

4. जागा कुठे आणि कशा शोधायच्या

लिंक्डइनच्या 'जॉब्ज' टॅबमध्ये सगळे बघतात. तिथे अलर्ट लावून ठेवा आणि विसरा. खरी मजा साध्या शोधपट्टीत आहे. तिथे इंग्रजीत 'हायरिंग', पद आणि ठिकाण, म्हणजे 'ऐरोली', 'मालाड', 'लोअर परळ' असं घाला, मग 'पोस्ट्स' निवडा आणि गेल्या 24 तासांतल्या किंवा आठवड्यातल्या ताज्या पोस्ट वर आणा. मॅनेजरने स्वतः लिहिलेल्या 'माझ्या टीममध्ये एक जागा आहे' अशा पोस्ट अशा सापडतात. ती जागा टॅबमध्ये यायला कधी आठवडा लागतो, कधी ती येतच नाही. अशा पोस्टखाली नुसतं 'इंटरेस्टेड' लिहू नका. थेट निरोप पाठवा आणि कॉमेंटमध्ये कामाचं एखादं वाक्य लिहा.

'कॉमेंटमध्ये तुमचा मोबाइल आणि ईमेल टाका, 500 जागा' असल्या पोस्टपासून लांब राहा. अशा पोस्ट बहुधा फॉलोअर वाढवायला असतात आणि तुमचा नंबर फुकटात बाजारात जातो.

फेसबुकचे स्थानिक ग्रुप लहान धंद्यांसाठी बरे. दुकानं, शाळा, दवाखान्यांची रिसेप्शनं, वसई आणि भिवंडीची गोदामं. इन्स्टाग्राम ज्यांचं काम डोळ्यांना दिसतं त्यांच्यासाठी: व्हिडिओ एडिटर, मेकअप आर्टिस्ट, डिझायनर, केक करणारे. मालिका आणि जाहिरातींच्या सेटवर असिस्टंट हवे असल्याची हाकही इन्स्टाच्या स्टोरीवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. तिथे बायोडेटा कुणी वाचत नाही, आधीच्या कामाची लिंक लागते.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'वॉक-इन', म्हणजे थेट मुलाखतीला या, अशा जाहिरातींच्या चित्रांची एक गंमत आहे. 'दि. 12 ते 14, वेळ 11 ते 4' एवढंच असतं, महिना आणि वर्ष कापलेलं. पत्ता खरा, कंपनी खरी, पण जाहिरात दोन वर्षांपूर्वीची. निघण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करा, चित्रावरच्या नव्हे.

सोशल मीडियाबाहेरच्या दोन खिडक्याही उघडून ठेवा: राज्य सरकारचं महास्वयम आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, हे 2015 मध्ये सुरू झालेलं पोर्टल. नोंदणी फुकट आहे. आणि नोकरी डॉट कॉमवर दर आठवड्याला एकदा लॉग इन करून एखादी ओळ बदला. आमच्याकडे 'अलीकडे सक्रिय' अशी चाळणी असते, सहा महिने झोपलेलं प्रोफाइल तिच्यातून खाली पडतं.

5. पैसे मागितले की फोन ठेवा

हा भाग नीट वाचा, कारण नव्या माणसाला सगळ्यात मोठा खड्डा इथे असतो.

आम्हा कन्सल्टन्सीवाल्यांना पैसे कंपनी देते. साधारण एका महिन्याच्या पगाराइतके, म्हणजे वार्षिक पगाराच्या 8.33 टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे 'रजिस्ट्रेशन फी', 'युनिफॉर्मचे पैसे', 'लॅपटॉपचं डिपॉझिट, पहिल्या पगारात परत' असं कुणी म्हणालं की तिथेच थांबायचं. विमानतळावर ग्राउंड स्टाफ म्हणून घेतो सांगून ट्रेनिंगच्या नावाने पैसे उकळणं हा मुंबईतला जुना धंदा आहे, आता तो फेसबुकवर आलाय एवढंच.

सध्या जास्त चालणारा प्रकार टेलिग्रामचा. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून घरबसल्या कामाचा निरोप येतो. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना रिव्ह्यू द्या. पहिल्या दिवशी शे-दोनशे रुपये खरंच खात्यात जमा होतात. मग टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतात, तिथे 'आज मला आठ हजार मिळाले' म्हणणारे सगळे त्यांचेच. पुढचं काम 'प्रीपेड': हजार भरा, तेराशे घ्या. तेही मिळतात. रक्कम मोठी झाली की खातं गोठतं आणि सोडवायला 'टॅक्स' मागतात. दुसरा प्रकार डेटा एंट्रीचा. ऑनलाइन करारावर सही घेतात, फॉर्म भरायला देतात आणि 'अचूकता कमी पडली, करार मोडला' म्हणून कोर्टाची धमकी देत दंड मागतात. फोनवरचा 'वकील' त्यांचाच माणूस असतो.

बनावट ऑफर लेटर ओळखायला फार अक्कल लागत नाही, घाई तेवढी आवरावी लागते. ईमेल कंपनीच्या डोमेनऐवजी जीमेलवरून आलेला. मुलाखत फक्त चॅटवर झालेली. पत्त्यात 'बीकेसी, मुंबई' (म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल) आहे, पण इमारत आणि मजला नाही. रुजू व्हायची तारीख परवाची. पैसे मागितलेला यूपीआय कुणाच्या तरी वैयक्तिक नावाचा. यातली एक खूण दिसली तरी कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून विचारा. कंपनी कधी नोंदली गेली, संचालक कोण, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर बघता येतं.

आधार, पॅन आणि बँकेची माहिती निवड पक्की झाल्याशिवाय देऊ नका. आधार द्यायची वेळ आलीच तर 'मास्क्ड' प्रत द्या, तिच्यात शेवटचे चार आकडेच दिसतात.

परदेशातली नोकरी सोशल मीडियावरून आली तर दुप्पट सावध राहा. एजंट परवानाधारक आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं, आणि त्याला तुमच्याकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतात. थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेऊन म्यानमार-कंबोडियात सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या भारतीयांना सरकारने सोडवून आणलंय, त्यात महाराष्ट्रातली मुलंही होती.

पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि समोरच्याचे नंबर पुसू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही जा.

6. खरा फोन आला की

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ ठेवा: सध्याचं सीटीसी, अपेक्षित सीटीसी आणि नोटीस पीरियड. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, त्याची आणि हातात येणाऱ्या पगाराची गल्लत करू नका. राजीनाम्यानंतर 90 दिवस थांबायची नोटीस असेल तर ती लपवू नका, 'बायआउट (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं) चालेल का' असं विचारा.

चौथा प्रश्न तुम्ही विचारायचा: ऑफिस नेमकं कुठे? 'मुंबई' हे उत्तर नव्हे. डोंबिवलीहून ऐरोली म्हणजे ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची. डोंबिवलीहून मालाड म्हणजे दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, किंवा घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी आणि पुढे पुन्हा लोकल. बीकेसीला आता मेट्रोच्या ॲक्वा लाइनचं स्टेशन आहे, पण मध्य रेल्वेवाल्यांना कुर्ल्याहून बस किंवा शेअर रिक्षाची रांग चुकत नाही. शिफ्ट रात्रीची असेल तर कॅब घरापर्यंत सोडते की स्टेशनपर्यंत, हे ऑफर हातात येण्याआधी विचारा. हे प्रश्न विचारल्याने आम्हाला राग येत नाही. उलट तीन आठवड्यांत 'लांब पडतं' म्हणून सोडून जाणाऱ्यापेक्षा हे परवडतं.

7. नोकरी लागल्यावर

नवी कंपनी लिंक्डइनवर टाकायची घाई नको, रुजू होऊन आयडी कार्ड गळ्यात पडू द्या. 'ओपन टू वर्क' बंद करा, नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल लपवा, नाहीतर प्रोबेशनमध्येच एखाद्या कन्सल्टन्सीचा फोन नव्या बॉससमोर वाजतो. ज्यांनी रेफर केलं, त्यांना रुजू झाल्याची तारीख कळवा. अनेक कंपन्यांत रेफरलचा बोनस नवा माणूस काही महिने टिकल्यावरच मिळतो आणि तो मागायला त्यांना ती तारीख लागते.